झिजलेल्या शब्दांचा कैवारी

भाषा बिघडत चालली आहे, ही तक्रार प्रत्येक पिढी नव्याने करते. आजोबा नातवाच्या बोलण्यावर नाराज असतात आणि त्यांच्या तरुणपणी त्यांचे आजोबा त्यांच्यावर नाराज असत. हे घरगुती गाऱ्हाणे म्हणून सोडून देता येईल. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातील भाषाशास्त्राने या गाऱ्हाण्याला चक्क सिद्धांताच्या आसनावर बसवले होते. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या विभक्तिप्रत्ययांनी समृद्ध भाषा म्हणजे मानवी वाणीचे शिखर आणि आजच्या भाषा म्हणजे त्या शिखरावरून घरंगळलेले दगडगोटे, अशी ही मांडणी होती. जर्मन पंडित ऑगस्ट श्लायशर यांनी त्यासाठी एक बोलके उदाहरण दिले होते. प्राचीन गॉथिक भाषेतील 'हबैदेदीमा' हे लांबलचक क्रियापद आणि त्याच जागी आलेले इंग्रजीतील एकाक्षरी 'हॅड' यांची त्यांनी तुलना केली. नदीच्या पात्रात गडगडत राहिलेल्या पुतळ्याचे हातपाय झिजून नुसता लांबट गोटा उरावा, तशी शब्दांची गत झाली आहे, असे त्यांना वाटे.

या उपमेला ज्याने आयुष्यभर उत्तर दिले, तो विद्वान इंग्लंडचाही नव्हता आणि जर्मनीचाही नव्हता. डेन्मार्कसारख्या चिमुकल्या देशात, डॅनिश ही मातृभाषा असलेल्या ओटो येस्पर्सन यांनी इंग्रजी भाषेचे सर्वांत विस्तृत व्याकरण रचले. झीज म्हणजे ऱ्हास नव्हे, हे त्यांनी सप्रमाण दाखवले, आणि वाक्याची रचना व वाक्याचा अर्थ यांचा संबंध कसा तपासावा याची एक दृष्टी पुढच्या पिढ्यांच्या हाती ठेवली.

येस्पर्सन यांचा जन्म 16 जुलै 1860 रोजी जटलंड द्वीपकल्पातील रांडर्स या गावी झाला. घराण्यात कायद्याची परंपरा होती आणि वडील न्यायाधीश होते. आईवडिलांचे छत्र लहान वयातच हरपले आणि मुलाचे पुढचे शिक्षण कोपनहेगनच्या उत्तरेकडील हिलेरॉड येथे झाले. याच वयात त्याच्या हाती रास्मुस रास्क या डॅनिश भाषापंडिताची व्याकरणाची पुस्तके पडली. रास्क यांचे नाव मुंबईकरांनाही अगदीच परके वाटण्याचे कारण नाही. रशिया व इराणमार्गे खडतर प्रवास करीत ते 1820 साली मुंबईत पोहोचले होते. येथील पारशी समाजाकडून त्यांनी अवेस्ता व पहलवीचे धडे घेतले, आणि मिळवलेली हस्तलिखिते ते कोपनहेगनला घेऊन गेले. अशा माणसाच्या पुस्तकांवरून शाळकरी येस्पर्सन स्वतःच्या बळावर आइसलँडिक, इटालियन आणि स्पॅनिश शिकू लागला. इतर मुलांना ज्या वयात व्याकरणाचा कंटाळा येतो, त्या वयात या पोरक्या मुलाला त्याचा लळा लागला.

1877 साली तो कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाला, तो मात्र घराण्याच्या रिवाजाप्रमाणे कायदा शिकण्यासाठी. चार वर्षे कलमांची घोकंपट्टी केल्यावर 1881 मध्ये त्याने कायद्याला कायमचा रामराम ठोकला आणि भाषांकडे मोर्चा वळवला. निर्णय धाडसाचा होता, कारण पाठीशी कोणाचा मोठा आधार नव्हता. पोटासाठी त्याने शाळेत शिकवले आणि डॅनिश संसदेत लघुलेखकाचे काम केले. सभागृहातील भाषणे जशीच्या तशी टिपून घेण्याचे हे काम भावी भाषाशास्त्रज्ञासाठी निरुपयोगी नव्हते. माणसे पुस्तकात लिहितात तशी बोलत नाहीत, हे लघुलेखकाइतके कोणाला ठाऊक असणार?

1887 मध्ये फ्रेंच हा मुख्य विषय आणि इंग्रजी व लॅटिन हे दुय्यम विषय घेऊन येस्पर्सन यांनी पदव्युत्तर पदवी मिळवली आणि लगेच ते इंग्लंड, जर्मनी, फ्रान्सच्या प्रवासाला निघाले. त्या काळी भाषाशास्त्रातले तरुण रक्त उच्चारशास्त्राकडे ओढले गेले होते. मृत भाषांची पोथीनिष्ठ चिकित्सा बाजूला ठेवून जिवंत माणसाच्या तोंडून निघणारा ध्वनी आधी ऐकावा, असा या मंडळींचा आग्रह होता. इंग्लंडमध्ये हेन्री स्वीट आणि फ्रान्समध्ये पॉल पासी हे त्यांचे अध्वर्यू होते. येस्पर्सन या दोघांनाही भेटले आणि ऑक्सफर्डमध्ये त्यांनी व्याख्याने ऐकली. जगातील सर्व भाषांचे उच्चार एकाच लिपीत नोंदवता यावेत, ही कल्पना त्यांनी पासी यांना पत्रातून आधीच सुचवली होती. पुढे त्यातूनच आंतरराष्ट्रीय उच्चारलिपी आकाराला आली. आज इंग्रजी शब्दकोशात शब्दापुढे जी उच्चारचिन्हे दिसतात, त्यांच्या उगमाशी या तरुणाचे हे पत्र आहे.

गुरू विल्हेल्म थॉमसन यांच्या सल्ल्यावरून 1888 च्या ऑगस्टमध्ये ते मायदेशी परतले आणि प्रबंधाच्या कामाला लागले. विषय होता, इंग्रजीतील विभक्ती. जुन्या इंग्रजीत नामांना चार विभक्ती होत्या, आणि आजच्या इंग्रजीत त्यांचा मागमूस फक्त सर्वनामांत आणि षष्ठीच्या प्रत्ययात उरला आहे. ही पडझड कशी झाली, याचा तपशील या प्रबंधात आहे. एके काळी 'ये' हे कर्त्याचे रूप होते आणि 'यू' हे कर्माचे. पुढे दोघांची सरमिसळ झाली आणि शेवटी 'यू'ने 'ये'ला हुसकावून लावले. व्याकरणाच्या कडक शिक्षकाला हा घोटाळा वाटेल. येस्पर्सन यांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. भेद नाहीसा झाल्यामुळे इंग्रजी माणसाला आपले म्हणणे मांडता येईनासे झाले काय? तसे काही झाले नाही. प्रत्यय जे काम करीत होते, ते शब्दांच्या क्रमाने आपल्याकडे घेतले होते. वाक्यात कर्ता कोठे येणार, कर्म कोठे येणार, हे ठरून गेले की प्रत्ययांचे ओझे वाहण्याची गरज उरत नाही.

1891 मध्ये या प्रबंधावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. भाषेची प्रगती या विषयावरील त्याची प्रस्तावना त्यांनी पुढे विस्तारली आणि 1894 मध्ये ती 'प्रोग्रेस इन लँग्वेज' या नावाने इंग्रजीत ग्रंथरूपाने आली. श्लायशर यांच्या झिजलेल्या पुतळ्याला येथे उत्तर होते. भाषा ही शोभेची मूर्ती नसून मनातले दुसऱ्यापर्यंत पोहोचवण्याचे साधन आहे, आणि साधनाची पारख त्याच्या उपयोगावरून करावी, अशी त्यांची भूमिका होती. जे काम एका भाषेला पाच अक्षरांची आणि शेकडो रूपांची घोकंपट्टी लादून करावे लागते, तेच काम दुसरी एका अक्षरात करीत असेल, तर दुसरीला भ्रष्ट म्हणायचे कशासाठी? बोलणाऱ्याला कमीत कमी श्रम आणि ऐकणाऱ्याला जास्तीत जास्त स्पष्टता, ही त्यांची कसोटी होती. अभिजात भाषांच्या अभ्यासकांचा दबदबा असलेल्या विद्यापीठीय जगात तिशीतल्या अभ्यासकाने असे बोलणे म्हणजे देवघरात उभे राहून मूर्तीच्या उपयुक्ततेची चर्चा करण्यासारखे होते.

1893 मध्ये येस्पर्सन कोपनहेगन विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि 1925 पर्यंत, म्हणजे बत्तीस वर्षे, त्यांनी ते पद भूषवले. 1920-21 मध्ये ते विद्यापीठाचे रेक्टरही होते. पण पदांपेक्षा त्यांचे मन वर्गात आणि टेबलावरच्या चिठ्ठ्यांत अधिक रमले. परकी भाषा शिकवण्याच्या तत्कालीन पद्धतीवर त्यांचा राग होता. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली वाक्ये मुलांना भाषांतरासाठी द्यायची, नियम पाठ करून घ्यायचे आणि वर्षानुवर्षे शिकूनही मुलगा त्या भाषेत चार वाक्ये बोलू शकत नाही, हे चित्र त्यांनी जवळून पाहिले होते. नियम आधी आणि भाषा नंतर असे न करता मुलाने अर्थपूर्ण मजकूर वाचावा, ऐकावा, बोलावा आणि नियम स्वतः शोधावा, असे त्यांनी सुचवले. 1904 मध्ये इंग्रजीत आलेले त्यांचे या विषयावरील पुस्तक आजही वाचताना जुने वाटत नाही. इंग्रजी व्याकरणाच्या तक्त्यांखाली दबलेल्या आपल्याकडच्या वर्गांची त्या पानांवर सहज ओळख पटते.

1905 साली आलेल्या इंग्रजी भाषेच्या वाढीवरील त्यांच्या छोटेखानी पुस्तकाने त्यांना सर्वदूर कीर्ती मिळवून दिली. फ्रान्सच्या मानाच्या व्होल्नी पारितोषिकाने त्याचा गौरव झाला. व्हायकिंग टोळ्यांबरोबर इंग्लंडमध्ये गेलेले शब्द तेथील भाषेत कसे मुरले, हे त्यात वाचायला मिळते. 'एग', 'नाइफ', 'स्काय', 'विंडो' यांच्याबरोबर 'दे' आणि 'देम' ही सर्वनामेही उत्तरेकडून आलेली आहेत. दरबारी शब्द उसने घेणे सोपे असते. स्वयंपाकघरातले शब्द आणि सर्वनामे उसनी घेतली जातात ती दोन समाज शेजारी म्हणून राहू लागल्यावरच. 'खुर्ची', 'जमीन', 'हवा' हे शब्द परके आहेत याचा पत्ताही नसलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यानंतर सुरू झाले ते आयुष्यभराचे काम. इतिहासाच्या पायावर आधुनिक इंग्रजीचे व्याकरण रचण्याचा संकल्प त्यांनी सोडला. पहिला खंड 1909 मध्ये निघाला. तो ध्वनी आणि वर्णलेखन यांविषयी होता. इंग्रजीतील दीर्घ स्वर काही शतकांच्या काळात एकापाठोपाठ एक कसे सरकत गेले, हे त्यांनी तेथे उलगडले आणि त्या घटनेला 'ग्रेट व्हॉवेल शिफ्ट' असे नाव दिले. इंग्रजी स्पेलिंग आणि उच्चार यांची फारकत का झाली, या प्रत्येक शाळकरी मुलाच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या घटनेत दडलेले आहे. 1914 च्या दुसऱ्या खंडापासून वाक्यविचार सुरू झाला आणि तो पुढच्या कित्येक हजार पानांवर पसरत गेला. कादंबऱ्या, नाटके, वर्तमानपत्रे, पत्रव्यवहार यांतून टिपलेल्या वाक्यांच्या असंख्य चिठ्ठ्या त्यांच्यापाशी साठल्या होत्या. नियम सांगायचा तर त्यामागे लेखकांच्या प्रत्यक्ष वापराचे दाखले उभे करायचे, आणि दाखले नियमाविरुद्ध जात असतील तर बदलायचा तो नियम, ही त्यांची शिस्त होती.

वाक्यरचना आणि अर्थ यांविषयीच्या त्यांच्या चिंतनाचा गाभा 1924 च्या 'फिलॉसॉफी ऑफ ग्रामर' या ग्रंथात आहे. भाषेतील कोणत्याही गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहता येते, असे ते मानत. बाहेरून आत पाहिले, तर समोर शब्दाचे रूप असते आणि त्याचा अर्थ शोधायचा असतो. आतून बाहेर पाहिले, तर मनात अर्थ असतो आणि तो व्यक्त करण्यासाठी भाषेने कोणती साधने दिली आहेत, हे शोधायचे असते. पहिल्याला त्यांनी रूपविचार म्हटले आणि दुसऱ्याला वाक्यविचार. रस्ता एकच, पण एकदा गावाकडून शहराकडे आणि एकदा शहराकडून गावाकडे जायचे. या दोन टोकांची गल्लत केली की व्याकरणात गोंधळ माजतो, हे त्यांनी पानोपानी दाखवले.

काळाचेच उदाहरण घ्यावे. इंग्रजीत घड्याळातल्या काळाला 'टाइम' आणि क्रियापदाच्या रूपाला 'टेन्स' असे दोन शब्द आहेत. त्यांचा फायदा घेऊन येस्पर्सन यांनी अर्थ आणि रूप एकमेकांपासून वेगळे काढले. मराठीत दोहोंना 'काळ' हाच शब्द असल्याने हा भेद चटकन लक्षात येत नाही, पण तो आपल्या बोलण्यात क्षणोक्षणी आहे. 'मी उद्या पुण्याला जातो' या वाक्यात रूप वर्तमानाचे आणि गोष्ट भविष्याची आहे. घरातून बाहेर पडणारा माणूस दारातून 'आलोच' म्हणतो, तेव्हा रूप भूतकाळाचे असते आणि येणे अजून व्हायचे असते. 'पाऊस पडला तर सामना रद्द होईल' या वाक्यातला पाऊसही अजून पडलेला नाही. येस्पर्सन यांनी अशीच उदाहरणे युरोपातल्या भाषांतून गोळा केली. रूप, त्याचे वाक्यातले कार्य आणि त्यामागची कल्पना या तीन पायऱ्या वेगळ्या ठेवून त्यांच्यामधले जाणेयेणे तपासावे, असे त्यांनी सांगितले. व्याकरणातले लिंग आणि निसर्गातला स्त्री-पुरुष भेद यांचीही त्यांनी अशीच फारकत केली.

वाक्यातल्या शब्दांच्या नात्याविषयी त्यांनी मांडलेली कल्पनाही अशीच साधी आणि दूरगामी आहे. 'भुंकणारा कुत्रा' आणि 'कुत्रा भुंकतो' यांत शब्द जवळपास तेच आहेत. पण पहिल्यात दोन शब्द मिळून एकच वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते आणि बोलणे पुरे होत नाही. दुसऱ्यात काहीतरी घडते आणि बोलणे पुरे होते. पहिले चित्रासारखे स्थिर आहे, दुसरे नाटकासारखे चालते. पहिल्या जोडणीला त्यांनी 'जंक्शन' आणि दुसरीला 'नेक्सस' म्हटले. शिवाय शब्दांच्या तीन श्रेणी लावल्या. मोठ्याने भुंकणारा कुत्रा म्हटले, की कुत्रा पहिल्या श्रेणीचा, त्याचे वर्णन करणारा 'भुंकणारा' दुसऱ्या श्रेणीचा आणि त्या वर्णनाचेही वर्णन करणारा 'मोठ्याने' तिसऱ्या श्रेणीचा. नाम, विशेषण, क्रियाविशेषण अशा जातींवरून शब्दाची ओळख पटत असली, तरी वाक्यात तो कोणाच्या आधाराने उभा आहे हे श्रेणीवरून कळते. 1937 मध्ये तर त्यांनी वाक्यांचे विश्लेषण बीजगणितासारख्या अक्षर-अंकांच्या सूत्रांत मांडण्याचा प्रयत्न केला.

मात्र त्यांचे नाव आज सर्वाधिक घेतले जाते ते 1917 मध्ये निघालेल्या नकारावरील एका लहानशा ग्रंथामुळे. पहिले महायुद्ध युरोपाला भाजून काढत होते आणि तटस्थ डेन्मार्कमध्ये हा प्राध्यापक 'नाही' या शब्दाचा इतिहास लिहीत होता. त्यांना आढळलेला क्रम विलक्षण होता. जुन्या फ्रेंचमध्ये नकारासाठी क्रियापदाआधी फक्त 'न' येत असे. हा चिमुकला शब्द बोलण्यात दुबळा पडू लागला, तेव्हा त्याला बळ देण्यासाठी क्रियापदामागे 'पा' जोडला जाऊ लागला. 'पा' म्हणजे पाऊल. मी पाऊलभरही चालत नाही, असे म्हणता म्हणता पावलाचा अर्थ विरला आणि तो शब्द नकाराचाच भाग बनला. आजच्या बोलीत तर मूळचा 'न' गळून पडतो आणि एके काळी पाऊल असलेला शब्द एकटाच नकाराचा भार वाहतो. इंग्रजीतही तसेच घडले. प्राचीन 'ने' आधी एकटा होता, मग जोडीला 'काहीच नाही' अशा अर्थाचा शब्द आला, त्याचे झिजून 'नॉट' झाले आणि 'ने' लोपला. पुढे 'डू' या क्रियापदाचा टेकू मिळाला आणि बोलण्यात 'नॉट' पुन्हा झिजून 'डोंट'मध्ये विरघळू लागला. नकाराचा शब्द झिजतो, त्याला आधार दिला जातो, आधारच मालक होतो आणि पुन्हा झिजू लागतो.

मराठी कानाला या चक्राच्या पहिल्या पायरीचा नाद ओळखीचा वाटेल. 'तो आला नाही' आणि 'तो काही आला नाही' यांतला फरक आपण जाणतो. दुसऱ्या वाक्यातील 'काही' म्हणजे एखादी वस्तू नव्हे. तो नकाराला दिलेला जोर आहे. 'मी थोडाच घाबरतो!' या वाक्यात तर नकाराचा एकही शब्द नाही, तरी अर्थ पूर्ण नकाराचा आहे. अल्पत्व दाखवणारा शब्द नकाराच्या इतक्या जवळ का जाऊन बसतो, याचे उत्तर येस्पर्सन यांच्या त्या ग्रंथात मिळते.

त्याच ग्रंथात त्यांनी नकाराच्या आवाक्याचाही विचार केला. 'सगळे विद्यार्थी आले नाहीत' या वाक्याचा अर्थ काय? एकही आला नाही, की काही आले आणि काही आले नाहीत? 'नाही' हा शब्द क्रियेला लागतो की 'सगळे' या शब्दाला, यावर अर्थ पालटतो. रचना तीच, शब्द तेच, अर्थ दोन. हा प्रश्न पुढे अर्थविचाराच्या अभ्यासकांचा आवडता विषय झाला. दोन नकार एकत्र आले म्हणजे गणितासारखा होकार झालाच पाहिजे, हा शाळामास्तरांचा आग्रहही त्यांनी मोडून काढला. कित्येक भाषांत दुसरा नकार पहिल्याला खोडत नाही, उलट ठसवतो. ती भाषा बोलणारे लोक तर्कदुष्ट नसतात. त्यांच्या भाषेची रीत वेगळी असते.

भाषेला हुकूम सोडता येत नाहीत, हे इतक्या खोलवर जाणणाऱ्या या माणसाने स्वतःच एक भाषा घडवायला घ्यावी, हा त्याच्या आयुष्यातला मोठा विरोधाभास. राष्ट्राराष्ट्रांत समजुतीची एक सामायिक भाषा असावी, या ध्येयाने त्या काळचे अनेक विचारवंत भारावले होते. 1907 मध्ये पॅरिसला भरलेल्या विद्वानांच्या समितीत येस्पर्सन होते. झामेनहॉफ यांच्या एस्पेरांतो भाषेत सुधारणा करून जी 'इदो' भाषा निघाली, तिच्या घडणीत त्यांनी भाग घेतला. तिनेही समाधान झाले नाही, तेव्हा 1928 मध्ये त्यांनी स्वतःची 'नोव्हियाल' ही भाषा जाहीर केली आणि दोन वर्षांनी तिचा कोश काढला. अधिकाधिक लोकांना अधिकाधिक सोपी, हे तिचे सूत्र होते. प्रगत भाषा साधी होत जाते हा आपलाच सिद्धांत जणू त्यांनी तिच्यात मूर्त केला होता. व्याकरणात खोट काढावी असे फारसे काही नव्हते. कमी होती ती फक्त बोलणाऱ्यांची. अंगाईगीत, भांडण, बाजारातली घासाघीस यांतून जी भाषा गेलेली नाही, ती कितीही सुबक असली तरी घर धरत नाही. नोव्हियाल तिच्या कर्त्याबरोबरच जवळजवळ अस्तंगत झाली. येस्पर्सन यांनी इतरत्र जे शिकवले होते, त्याचाच हा पुरावा ठरला.

त्यांच्या विचारांतल्या उणिवाही काळाने उघड केल्या. प्रत्यय टाकणे म्हणजे प्रगती, हे समीकरण पुढच्या भाषाशास्त्राने मान्य केले नाही. फिन्निश किंवा तमिळ या प्रत्ययप्रधान भाषा कोणत्याही अर्थाने मागे पडलेल्या नाहीत. ऱ्हासाचा सिद्धांत खोडून काढताना त्यांनी तराजू दुसऱ्या बाजूला झुकवला आणि त्यांच्या लाडक्या इंग्रजीला त्याचा सर्वाधिक लाभ झाला. 1922 च्या 'लँग्वेज' या ग्रंथात स्वतःच्या मुलाच्या बोबड्या बोलांपासून भाषेच्या उगमापर्यंत अनेक विषयांवर त्यांनी रसाळ विवेचन केले आहे. परंतु त्यातले स्त्रियांच्या भाषेवरील प्रकरण पुढील पिढ्यांना खटकले आणि ते रास्तच होते. स्त्रियांचा शब्दसंग्रह मर्यादित असतो, त्या वाक्ये अर्धवट सोडतात, अशी विधाने त्यांनी पुरेशा पुराव्याविना केली. प्रत्येक नियमामागे दाखल्यांच्या चिठ्ठ्या मागणाऱ्या अभ्यासकाने येथे आपल्या काळाचे पूर्वग्रह तपासून पाहिले नाहीत. भाषा आणि लिंगभाव यांच्या अभ्यासाच्या इतिहासात हे प्रकरण आज चुकीच्या सुरुवातीचा नमुना म्हणून वाचले जाते.

निवृत्तीनंतर त्यांचे वास्तव्य हेल्सिंगोरला होते. शेक्सपिअरने हॅम्लेटचे नाटक जेथे घडवले, तेच हे एल्सिनोर. 1936 मध्ये कोपनहेगनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय भाषाशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. दोन वर्षांनी त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. एप्रिल 1940 मध्ये जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा हा वृद्ध त्या काळोखातही इंग्रजी व्याकरणाचे खंड पुढे ढकलीत होता. पाचवा खंड 1940 मध्ये आला, सहावा 1942 मध्ये. 1941 मध्ये त्यांनी भाषाबदलाच्या कार्यक्षमतेवर एक पुस्तिका लिहून प्रबंधाच्या दिवसांतल्या प्रश्नाला पुन्हा हात घातला. 30 एप्रिल 1943 रोजी रोस्किले येथे त्यांचे निधन झाले. मायदेश तेव्हा परक्यांच्या ताब्यात होता. व्याकरणाचा सातवा आणि शेवटचा खंड त्यांचे सहकारी नील्स हायस्लुंड यांनी पूर्ण केला. तो 1949 मध्ये, म्हणजे पहिल्या खंडानंतर चाळीस वर्षांनी, वाचकांच्या हाती पडला.

काही वर्षे असे वाटले, की येस्पर्सन आता ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर जाणार. पण नोम चॉम्स्की यांनी नव्या वाक्यविचाराचा पाया घातल्यानंतर या जुन्या डॅनिश प्राध्यापकाचे मोल पुन्हा उजळले. माणूस पाठ केलेल्या वाक्यांवर जगत नाही. मनात रुजलेल्या रचनेच्या जाणिवेवरून तो पूर्वी कधी न ऐकलेली वाक्ये घडवतो, हे येस्पर्सन यांनी 1924 मध्येच मांडले होते, याची आठवण चॉम्स्की यांनी 1970 च्या दशकात करून दिली. 1979 मध्ये स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ ओस्टेन दाल यांनी नकाराच्या त्या फेऱ्याला 'येस्पर्सनचे चक्र' असे नाव दिले. तेव्हापासून जगभरच्या भाषांत या चक्राचा शोध घेतला जात आहे.

भाषा बिघडली, ही तक्रार पुढेही होतच राहील. नवी पिढी शब्द तोडून बोलेल, प्रत्यय गिळेल, परके शब्द बिनदिक्कत वापरेल, आणि वडीलधारे कपाळाला हात लावतील. अशा वेळी या डॅनिश प्राध्यापकाचा प्रश्न मनाशी विचारून पाहायला हरकत नाही: जे गेले त्याचे काम आता कोण करते आहे? बहुतेक वेळा शोधल्यावर कोपऱ्यात एखादा साधा, अनोळखी शब्द त्या कामाला जुंपलेला आढळतो. एके काळी केवळ पाऊल असलेला एक शब्द आज फ्रेंच माणसाचा संपूर्ण नकार पेलतो आहे.